हेलिकॉप्टर आलं होतं

आईला हेलिकॉप्टरने मुंबईला नेलं तर सोमनाथच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे माणूस उगाच हट्टाला पेटला असं पुढे कुणाला वाटायला नको.

दिंडोरीपलीकडच्या त्यांच्या गावात आणि आसपासच्या गावांत लग्न कुणाचंही असो, माईकवर दीपक असतो. वरात मांडवात आली की त्याचं सुरू होतं ते मंगलाष्टकांपर्यंत थांबत नाही. त्याचं खरं काम म्हणजे आलेल्या मान्यवरांची नावं पुकारणं. ज्याचं नाव येतं तो पुढे होतो, टॉवेल-टोपी घेतो, चारी दिशांना हात जोडतो आणि पुढच्या सोफ्यावर जाऊन बसतो. कुणाचं नाव कितवं घ्यायचं हे दीपकला कुणी सांगत नाही. आडत्याला भाव कळतो तसं ते त्याला कळतं. बरीच वर्षं पहिलं नाव आमदारांचं किंवा त्यांनी पाठवलेल्या माणसाचं, आणि दुसरं 'प्रगतशील द्राक्षबागायतदार सोमनाथभाऊ' यांचं असायचं. मग सोमनाथचा चुलतभाऊ झुंबर याने गेल्या उन्हाळ्यात आपल्या सायलीची पाठवणी हेलिकॉप्टरने केली. सायली उडाली आणि सोमनाथ खाली आला. दुसरं नाव झुंबरचं झालं. सोमनाथ घसरत घसरत सोसायटीचे माजी चेअरमन आणि पोलीस पाटील यांच्या मध्ये कुठेतरी येऊन अडकला. एका लग्नात तर त्याची पाळी येईपर्यंत टोप्याच संपल्या होत्या. नुसत्या टॉवेलवर भागवलं.

तर जमेच्या बाजूला हे: दुसरं नाव परत. आणि तेही लग्नाच्या हौसेपायी नव्हे, आईच्या सेवेपायी. झुंबरच्या हेलिकॉप्टरपेक्षा हे वजनाला केव्हाही भारी. खर्चाच्या बाजूला भाडं होतं. त्याची सोमनाथला फिकीर नव्हती. त्याची द्राक्षं परदेशात जात होती.

आता कुणी म्हणेल, आई दवाखान्यात पडलेली असताना माणसाने असले हिशेब करावेत का? तर आईवर सोमनाथचा जीव होता, यात खोट काढायला जागा नाही. पण डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की धोका दोन्हीकडे आहे. दोन्ही रकान्यांत तोच आकडा आला की तो खोडता येतो. सोमनाथने आईचा जीव दोन्हीकडून खोडला आणि उरलं त्यावर निर्णय घेतला.

कुसाबाईंचं दुखणं असं की हृदयाची एक झडप कडक होऊन बसली होती, क्षार धरलेल्या ठिबकच्या नळीसारखी. ही उपमा सोमनाथचीच; डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे नळी चोक झाली." फुफ्फुसात साचलेलं पाणी नाशिकच्या दवाखान्यात उतरवलं होतं. ऑक्सिजनवर का होईना, बाई स्थिर होत्या, चहात साखर कमी आहे म्हणून भांडत होत्या. नवी झडप मात्र मुंबईला बसवायची होती. तिथल्या डॉक्टरांनी परवाची सकाळ दिली होती. त्यानंतर ते आठवडाभर परदेशात जाणार होते. म्हणजे उद्या संध्याकाळी सातच्या आत कुसाबाई तिथल्या बेडवर, दमछाक न होता, पोचायला हव्यात. एवढंच काम होतं.

"म्हणून मी रस्ता सुचवते," डॉक्टर मंजुषा म्हणाल्या. नाशिकच्या त्या दवाखान्यातलं हृदयाचं सगळं त्याच बघत.

"हेलिकॉप्टरनं किती वेळ लागंल?" सोमनाथने विचारलं.

"हवेत तासाच्या आत."

"आणि गाडीनं?"

"इथल्या बेडवरून तिथल्या बेडपर्यंत साडेतीन, फार तर चार तास. इगतपुरीला समृद्धी लागली की गाडी हलतसुद्धा नाही."

"मंग तास बरा का चार तास?"

"सोमनाथभाऊ, एकीकडे तुम्ही बेड ते बेड मोजताय आणि दुसरीकडे नुसतं उडणं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "इथून आई गाडीत. गाडीतून हेलिकॉप्टरमध्ये. मुंबईत उतरल्या की परत गाडीत, परत बेडवर. दरवेळी स्ट्रेचर, दरवेळी ऑक्सिजनची जोडाजोडी. आणि हेलिकॉप्टर काही दवाखान्याच्या दारात उतरत नाही, पुढे मुंबईची गर्दी आहेच. मिनिटं मोजायचा पेशंट असता, किंवा लांब कुठे न्यायचं असतं, तर मीच म्हटलं असतं उडवा. आईंना घाई नाहीये. त्यांना हलवाहलव नकोय."

"पण धोका?"

"धोका दोन्हीकडे आहे. पण..."

या 'पण'च्या पुढे डॉक्टर बरंच बोलल्या. सोमनाथ तोवर मनाने वावरात पोचला होता.

"आणि हेलिकॉप्टरमध्ये घरचं माणूस एकच," त्या शेवटी म्हणाल्या, "गाडीत दोघं बसू शकता. तरीही न्यायचंच असेल तर ओझरच्या विमानतळावरून न्या. इथून जवळ आहे, सोय आहे."

ओझर! ओझरला बघायला कोण होतं? गेटवरचे जवान. त्यांना सोमनाथ कोण आणि झुंबर कोण.

"ओझरला उद्या जागा नाय म्हणत्यात," सोमनाथ म्हणाला. अजून त्याने कुणाला विचारलंही नव्हतं. "आमच्याच वावरात उतरवतो. परवानगीचं तो एजंट बघतो सगळं. गेल्या साली उतरलं होतं आमच्या गावात."

डॉक्टरांना ते पटलं नाही. आईला उलट्या दिशेने, मुंबईपासून आणखी लांब, गावाला न्यायचं आणि तिथून उडवायचं हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. पण ओझरला जागाच नाही म्हटल्यावर त्यांनी अटी घातल्या. दवाखान्याची गाडी आणि त्यांची डॉक्टर दिशा सोबत जाईल. हेलिकॉप्टर उतरून पातं थांबेपर्यंत आई गाडीतच राहतील. आणि काही बिनसलं तर दिशा म्हणेल ते.

"कबूल," सोमनाथ म्हणाला. जिची गरज पडणार नाही अशी खात्री असते ती अट माणूस फार पटकन कबूल करतो.

अडचण एकच होती. हेलिकॉप्टरच्या एजंटचा नंबर गावात एकाच माणसाकडे होता.

"बोल सोमा," झुंबर फोनवर म्हणाला. "मोठी आई कशी हाये?"

"बरी हाये. उद्या मुंबईला न्यायची."

"कशानं नेतो?"

सोमनाथने घसा खाकरला. "तो तुझा हेलिकॉप्टरवाला. त्याचा नंबर दे जरा."

झुंबर हसला नाही. तेच सोमनाथला लागलं. हसला असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

"पाठवतो. माणूस चांगला हाये. पर पाणी मार आधी, लांबपर्यंत मार. धूळ लय उडती. आमच्या व्याह्यांचे फेटे कुठल्या रंगाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाय." मग म्हणाला, "आणि जागा कशाला शोधतो? माझं खालचं वावर मोकळंच हाये. ना झाड, ना खांब. तिथंच उतरव मोठ्या आईसाठी."

हा देकार सोन्यासारखा होता, आणि त्यातच त्याचं वाईटपण होतं. झुंबरच्या वावरातून उडायचं म्हणजे दीपक माईकवर काय म्हणणार? झुंबरभाऊंच्या हेलिपॅडवरून.

"नको. माझं हाये ना, प्लॉटाशेजारचं."

"प्लास्टिकच्या शेजारी?"

"मंग?"

"काय नाय. बघ बाबा," झुंबर म्हणाला आणि फोन ठेवला.

प्लास्टिक म्हणजे सोमनाथचा दुसरा अभिमान. अवकाळी पावसापासून बाग वाचावी म्हणून अख्ख्या प्लॉटवर प्लास्टिकचं छत घालणारा गावात तो पहिला. रस्त्यावरून बघितलं तर उन्हात तळं चमकल्यासारखं दिसे. सटाण्याकडून लोक गाड्या करून बघायला यायचे. त्या चमकत्या छताशेजारून हेलिकॉप्टर उठतंय, असा फोटो सोमनाथच्या डोळ्यांपुढे आधीच निघाला होता. एजंटने फोनवर विचारलं, "साहेब, आजूबाजूला सैल, उडण्यासारखं काही?" सोमनाथ म्हणाला, "काय नाय." यात तो खोटं बोलला नाही. प्लास्टिक सैल असू शकतं हे त्याच्या मनातच आलं नाही. स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं होतं ते.

खोलीत त्याने आईला बातमी दिली.

"हेलिकॉप्टरनं?" कुसाबाईंनी मास्क उचलला. "माझं काय लगीन हाये का रं?"

पायाशी उज्वला बसली होती, सोमनाथची बायको. आई दाखल झाल्यापासून ती घरी गेली नव्हती. कुठली गोळी कशानंतर, लघवी किती झाली, रात्री कुशीवर वळवताना कुठला हात धरायचा, सगळं तिला पाठ होतं.

"बरोबर कोण?" तिने विचारलं.

"एकच जागा हाये."

"मग मी जाते."

"तू? तुला जत्रेतल्या पाळण्यात बसवलं तर गरगरतं."

"गरगरू दे. आत्याबाईंच्या गोळ्या तुम्हाला सांगता येतील का? सांगा बरं, पांढरी अर्धी कधी द्यायची?"

"वर डॉक्टर असतो."

"त्याला बसू दे गं," कुसाबाई म्हणाल्या. "फोटू त्याचा यायला पायजे. माझ्या तोंडावर तर मास्क हाये."

"तसं नाय, आई."

"तसंच हाये. तुला मी जलम दिलाय, तू मला नाय." त्यांना दम लागला. मास्क लावून दोन श्वास घेतले, परत उचलला. "गाडीनं गेलो तर काय व्हईल?"

"व्हायचं काय? वेळ लागंल."

"मंग मला कुठं शाळंत जायचंय?"

सोमनाथ पलंगाच्या कडेला बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसाच, मान खाली घालून आणि खालचा ओठ पुढे काढून. कुसाबाईंनी थोडा वेळ ते तोंड बघितलं.

"ने बाबा," त्या म्हणाल्या. "तुला बरं वाटंल तसं ने."

त्यांनी भरलेला हा पहिला हप्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गावात शिरली तेव्हा वावरापुढे जत्रा होती. सोमनाथने फवारणीच्या ट्रॅक्टरने जमिनीवर पाणी मारून घेतलं होतं, फक्कीने मोठा एच काढला होता, भोवती दोरी बांधली होती. पाणी मात्र एचपुरतंच मारलं होतं. दीपक स्पीकर घेऊन आपण होऊनच आला होता. लोक शेजारच्या गावांतून, मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आले होते. गाड्या लावायला मोकळी जागा गावात एकच, झुंबरचं खालचं वावर. ते भरलं आणि उरलेल्या गाड्या बांधाच्या वाटेवर आल्या.

"प्रगतशील द्राक्षबागायतदार, मातृभक्त सोमनाथभाऊ यांच्या मातोश्रींचं आपल्या गावात आगमन झालेलं आहे," दीपक म्हणाला. "सर्व मान्यवरांना विनंती, दोरीच्या मागं व्हावं. लहान मुलांना मान्यवरांच्या मागं धरावं."

आज आमदार नव्हते. नाव पहिलं होतं. सोमनाथने शर्टाची कॉलर सारखी केली आणि झुंबर कुठे उभा आहे ते हळूच बघून घेतलं.

डॉक्टर दिशा गाडीचं मागचं दार उघडू देत नव्हती. पण भावकीतल्या बायका आरत्या घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे वत्सलाबाई, कुसाबाईंची धाकटी जाऊ, झुंबरची आई.

"दोन मिन्टं उघड गं बाई. आमची जाऊ हाय ती. परक्यासारखी लांबून जाईल का?"

"काकू, आत ऑक्सिजन आहे. निरांजन नाही आणायचं."

"इझवते. ही बघ इझवली."

सोमनाथनेही हात जोडले. दार उघडलं आणि उघडंच राहिलं. दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. कारण बाई आली की पाया पडायची, "काय होत नाय, बघा तुम्ही," म्हणायची, आणि कुसाबाईंना मास्क उचलून प्रत्येकीला काहीतरी म्हणावं लागायचं. कुणाची सून बाळंत झाली का, कुणाच्या गुडघ्याचं कसं काय. माणसाने एवढ्या मायेने विचारल्यावर नुसती मान हलवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उज्वला मास्क खाली करायची, त्या वर करायच्या.

"आत्याबाई, बोलू नका."

"मंग ह्यांना काय सांगू, मी मेले?"

दोनला येणारं हेलिकॉप्टर साडेतीन वाजले तरी दिसेना. अडीचच्या आतच दिशा तीनदा येऊन सोमनाथला म्हणाली की आता निघालो तरी रस्त्याने सातच्या आत पोचू, हे बघा अजून वेळ आहे. सोमनाथ तीनदा म्हणाला, "आलंच."

आणि आलं. आधी आवाज, मग ठिपका, मग सगळं गाव माना वर करून. हेलिकॉप्टरने गावावरून एक फेरी मारली तेव्हा पोरांनी जो गलका केला त्यात दीपकचा स्पीकर बुडाला. खोटं का सांगा, त्या क्षणी सोमनाथला खरोखर आपण आईसाठीच हे करतोय असं वाटलं.

मग ते खाली येऊ लागलं.

पहिल्यांदा प्लास्टिकचं तळं नुसतं थरथरलं. मग त्यावर लाटा उठल्या. मग कडेच्या ओळीवरची एक दोरी तुटली, आणि पुढचं सगळं बघता बघता झालं. अख्ख्या ओळीएवढी लांब पट्टी तारांवरून सुटली, फडफडत उभी राहिली आणि सरळ वर निघाली. ती पात्याच्या दिशेने जाताना खालच्या शेतकऱ्यांनाही दिसली. हेलिकॉप्टर एका अंगावर कललं, झपकन वर उठलं आणि लांब गेलं. त्याच्या वाऱ्याने कोरड्या वावरातली सगळी माती उठून लोकांवर, आरत्यांवर आणि गाडीच्या उघड्या दारातून आत बसली.

उंचावरून त्याने आणखी एक फेरी मारली. मग तोंड फिरवलं आणि ओझरच्या बाजूला दिसेनासं झालं.

एजंटचा फोन लगेच आला. "साहेब, काही नाही म्हणाला होतात ना? ते प्लास्टिक पात्यात गेलं असतं तर सगळेच गेले असते. पायलट तिथे उतरणार नाही. दुसरं मोकळं रान असेल तर सांगा, नाहीतर पेशंट ओझरला आणा."

मोकळं रान होतं. सोमनाथने त्या बाजूला बघितलं. झुंबरच्या वावरात मोटारसायकली, पिकअप, बोलेरो, एक ऊस तोडायला आलेल्यांचा ट्रॅक्टरसुद्धा. सोमनाथचं हेलिकॉप्टर बघायला आलेल्या लोकांनी हेलिकॉप्टर उतरायची जागा भरून टाकली होती.

गाडीत कुसाबाईंना खोकल्याची उबळ आली होती, ती थांबत नव्हती. दिशाने दार लावून घेतलं, बोटावरच्या मशीनचा आकडा बघितला, इंजेक्शन भरलं. मग काच खाली करून म्हणाली, "रस्त्याने. आत्ता."

"ओझर जवळ हाये, मॅडम. तिथं उभंच हाये ते."

"ओझरला पाऊण तास. मग चढवा, मग मुंबईत उतरवा, मग परत गाडी. आणि अंधार पडायच्या आत. या अवस्थेत मी त्यांना तीनदा उचलणार नाही. तुम्ही डॉक्टरांना कबूल केलंय."

दीपकने माईक खाली घेतला होता. अख्खं गाव सोमनाथकडे बघत होतं. ओझर म्हटलं तर अजून सगळं सावरत होतं. उशिरा का होईना, उडाली असती म्हातारी. लोक विसरतात कुठून उडाली ते. तोंडात 'ओझर' आलंच होतं. तेवढ्यात त्याने काचेतून आत बघितलं. उज्वला एका हाताने मास्क दाबून धरत होती आणि दुसऱ्याने सासूच्या पापण्यांवरची माती पुसत होती. आईच्या ओठांचा रंग सोमनाथला ओळखीचा वाटला. काळ्या द्राक्षाच्या हिरव्या मण्यात पाणी उतरायला लागतं, तेव्हा तो असा जांभळट दिसतो. बागेत त्या रंगाची वाट बघण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

खोडलेला आकडा असा परत वर आला.

"रस्त्यानं," तो म्हणाला आणि मागे चढला.

गाडी हलली आणि दहा पावलांवर थांबली. बांधाच्या वाटेवर मोटारसायकलींची भिंत होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता, लोक एकमेकांना मागे व्हायला सांगत होते आणि कुणीच मागे होत नव्हतं. तेव्हा झुंबर पुढे झाला. त्याने दीपकच्या हातातून माईक हिसकला.

"ए! शेडपाशी बोलेरो कुणाची हाये? काढ आधी! काय बघतो, माझ्या रोपांतून काढ! जाऊ दे तुडवली तर! लाल मोटारसायकलवाला, उचलून फेक ती बाजूला! वाट द्या म्हातारीला, मान्यवर गेले खड्ड्यात!"

वाटेकडेची झुंबरची कांद्याची रोपं दोन बाजूंनी तुडवली गेली, पण वाट झाली. त्याने स्वतःची जीप पुढे घातली आणि नाशिक ओलांडेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतही जीप अशी घुसवली की दोन रिक्षावाल्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. इगतपुरीला समृद्धी लागल्यावर त्याने जीप कडेला घेतली आणि हात हलवला.

गाडीत उज्वलाने सोमनाथला एक काम दिलं: मास्क धरायचा. मुंबईपर्यंत त्याने तो धरला. मध्ये एकदा दिशाने विचारलं, "पांढरी अर्धी गोळी दुपारी दिली होती का?" त्याने उज्वलाकडे बघितलं.

पोचायला नऊ वाजून गेले. फुफ्फुसात परत पाणी झालं होतं. मुंबईचे डॉक्टर सभ्य माणूस, ओरडले नाहीत. छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "अशा स्थितीत उद्या झडप बसवता येणार नाही. आधी पाणी उतरवू. मी आठवड्याने परत येतोय. तोवर आयसीयूत ठेवू." सकाळची जागा त्यांनी कोल्हापूरच्या एका बाईंना दिली.

ते परत आल्यावर झडप बसली, चांगली बसली. पण आठ दिवस नळ्यांत बांधून पडलेली म्हातारी आणि गावाहून निघालेली म्हातारी, यांत फरक पडतो. नाशिकच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, झडप बसली की महिन्यात बागेत हिंडाल. कुसाबाई बऱ्या झाल्या त्या खोलीपासून ओट्यापर्यंत, वॉकर धरून. मुंबईहून परतताना मात्र गाडीत सगळा वेळ झोपल्या. इगतपुरीला जाग आल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

माघात माजी चेअरमनच्या मुलाचं लग्न निघालं. सोमनाथ मुद्दाम उशिरा गेला, मागे जाऊन बसला. आपलं नाव कुठे जाईल याचा अंदाज त्याने बांधून ठेवला होता: पोलीस पाटलांच्या नंतर. टोपीची आशा नव्हतीच.

आमदारांनी पाठवलेला माणूस टोपी घालून बसला. दीपकने माईक तोंडाशी धरला.

"आणि आता, मंडळी, ज्यांच्या मातोश्रींना दवाखान्यात न्यायला आपल्या गावात हेलिकॉप्टर आलं होतं, ते प्रगतशील द्राक्षबागायतदार, मातृभक्त सोमनाथभाऊ! पुढे यावं ही विनंती."

यात खोटं काहीच नव्हतं. आलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. आता महिन्या-दोन महिन्यांत तेवढंच शिल्लक राहिलं होतं. ते कसं गेलं हे हळूहळू गळून पडलं होतं. तिसरं नाव झुंबरचं झालं. सोमनाथ पुढे जाताना त्याने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या, हेही सोमनाथला दिसलं. त्याने टॉवेल-टोपी घेतली. हात जोडताना त्याने दोनच दिशांना जोडले.

घरी कुसाबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. तिथून बागेची कडेची ओळ दिसते. नवं प्लास्टिक दिसतं.

"कितवं पुकारलं?" त्यांनी विचारलं.

"दुसरं."

"अन् झुंबर?"

"तिसरं."

"त्यानं टाळ्या वाजवल्या आसतील."

"हां."

"मंग झालं तुझं वसूल," कुसाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, जाड आहे का ते बोटांनी बघितलं आणि आतल्या बाजूला हाक मारली. "उज्वला! हा तू घे गं. त्या मुंबईच्या दवाखान्यात खुर्चीत झोपलीस, पांघरायला नव्हतं तुला काय."

तर आता शेवटची बेरीज. दुसरं नाव सोमनाथला मिळालं. हेलिकॉप्टरचं भाडं त्यानेच भरलं, रिकामं गेलं तरी पूर्ण. प्लास्टिकही त्याचंच होतं. कांद्याची रोपं झुंबरची गेली. त्याने ती कधी बोलून दाखवली नाहीत, आणि सोमनाथने कधी विचारली नाहीत. खुर्चीतल्या आठ रात्री उज्वलाच्या. आणि ओट्यापासून बागेच्या बांधापर्यंतची वाट, जी कुसाबाई रोज सकाळी पदर खोचून चालून यायच्या, ती त्यांनी दिली.